उघड्यावरच्या कार्यक्रमासाठी कॅमेरा घेताना



जयंतीचा हिशेब वाचून झाला, मंडपवाल्याची आणि माईकवाल्याची देणी भागली आणि वहीत चार पैसे शिल्लक राहिले, की अलीकडे बऱ्याच उत्सव समित्यांच्या बैठकीत एक ठराव येतो. मंडळाचा स्वतःचा व्हिडिओ कॅमेरा घ्यावा. ठराव चांगला आहे, आमचा त्याला पाठिंबाच आहे. परंतु ठरावानंतर जे घडते ते तितके चांगले नसते. दोन उत्साही तरुण दुकानात जातात. दुकानदार 'फोर-के' असे ठळक अक्षरांत छापलेला खोका पुढे करतो. पोरे खूश होऊन येतात, पेढे वाटले जातात, आणि पुढच्या १४ एप्रिलला सभेचे शूटिंग पाहायला सारी वस्ती विहारात जमली की पडद्यावर पांढरेशुभ्र कपडे दिसतात, चेहरे काळेठिक्कर, आणि वक्त्याच्या भाषणाच्या जागी वाऱ्याची घरघर.

खोक्यावरचा आकडा हा दुकानदाराचा विषय आहे. आपला विषय दोन गोष्टींचा. भर उन्हात आपल्या माणसाचा चेहरा दिसला पाहिजे, आणि भर गर्दीत बोलणाऱ्याचा शब्द न शब्द ऐकू आला पाहिजे. कॅमेरा निवडायचा तो या दोन कसोट्यांवर.

यात एवढे काय मोठे, असे कोणी म्हणेल. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि ७ डिसेंबरला मुंबईत दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. त्या अंत्ययात्रेची हलती चित्रे आज आपण पाहू शकतो, त्यात नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून करवून घेतलेल्या चित्रीकरणाचा मोठा वाटा आहे. त्या काळी फिल्म फुटांच्या हिशेबाने विकत घ्यावी लागे आणि काटकसरीने चालवावी लागे. आज मिरवणुकीतल्या बहुतेक पोरांच्या खिशात कॅमेरा असलेला फोन आहे. तरीही मागच्या वर्षी अमुक वक्ते काय बोलले ते दाखवा, असे कोणी विचारले तर सलग पंधरा मिनिटांचे भाषण सापडत नाही. फोन बदलला, फोन फुटला, जागा भरली म्हणून पुसले, अशी कारणे मात्र भरपूर सापडतात.

दुसऱ्यांनी आपले चित्रीकरण करावे आणि आपण ते पाहावे, याचाही अनुभव आपण घेतलेला आहे. महापरिनिर्वाण दिनाला शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. खेड्यापाड्यांतून आलेली, हातावर पोट असलेली माणसे पिशव्या भरभरून ग्रंथ घेऊन जातात. पडद्यावर मात्र पुष्कळदा येतात ते गर्दीचे, वाहतुकीचे आणि कचऱ्याचे देखावे. ग्रंथाची पाने उलटणारी आजीबाई कोणाला दाखवावीशी वाटत नसेल, तर ती आपणच दाखवली पाहिजे.

आता आधी हिशेब. आम्ही वाणिज्य शाखेचे असल्यामुळे ही खोड सुटत नाही. समजा, तुमच्या भागात एका दिवसाच्या शूटिंगचे भाडे ४,००० रुपये आहे आणि वर्षात तुमचे उघड्यावरचे कार्यक्रम आठ. ११ एप्रिल आणि १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, वर्षावासाची सांगता, धम्मचक्र प्रवर्तन दिन, २६ नोव्हेंबर, ३ जानेवारी, आणि एखादी धम्म परिषद. म्हणजे वर्षाला ३२,००० रुपये. साऱ्या सामानासह कॅमेरा ८०,००० रुपयांना पडला असे धरले, तर अडीच वर्षांच्या भाड्यात तो फिटतो. वर्षाला दोनच कार्यक्रम असतील तर मात्र दहा वर्षे लागतील. अशा मंडळाने कॅमेऱ्याच्या फंदात न पडता भाड्यानेच काम करावे, किंवा शेजारच्या तीन-चार शाखांनी मिळून एक घ्यावा. हे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी आहेत. तुमच्या गावचे भाव घालून पाटीवर हाच हिशेब मांडा.

आणि भाड्यानेच काम करायचे तर शूटिंगवाल्याकडून आधीच लिहून घ्यावे, की न कापलेले सारे चित्रीकरण कार्यक्रमानंतर आठ दिवसांत मंडळाच्या डिस्कवर भरून देईन. नाही तर गाणी लावून, फुले उडवून बनवलेली वीस मिनिटांची फिल्म हाती येते. तिच्यात दहा मिनिटे सत्कार असतात. पुतळ्याला हार घालणारे पाहुणे पुतळ्याकडे न पाहता कॅमेऱ्याकडे पाहत असतात, तेही त्यात व्यवस्थित दिसते.

कॅमेऱ्यासाठी जी रक्कम ठरेल तिच्यातले शंभरातले साठच रुपये कॅमेऱ्यावर खर्च करावेत. उरलेले चाळीस माईक, स्टँड, जादा बॅटऱ्या आणि कार्डे यांसाठी बाजूला काढावेत. सारे पैसे कॅमेऱ्यावर घालून स्टँडसाठी पुन्हा वर्गणी मागायला जाणारे मंडळ आम्ही एक नव्हे, अनेक पाहिले आहेत.

चेहऱ्याचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो आपल्या कार्यक्रमांशी फारच निगडित आहे. स्वयंचलित कॅमेरा समोरच्या साऱ्या देखाव्याचा उजेड मोजतो आणि सरासरी काढतो. आपल्या सभेत समोर काय असते? पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, माथ्यावर एप्रिलचे ऊन. कॅमेऱ्याला वाटते की उजेड फारच झाला, म्हणून तो सारे चित्र काळवंडून टाकतो. साडी नीट दिसते, साडीतली बाई दिसत नाही. आपल्या लोकांचे सावळे रंग तर आणखी दबतात. हा दोष आजचा नाही. फिल्मच्या जमान्यात रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी फोटो लॅबना जी नमुन्याची कार्डे देत असे, त्यांवर अनेक दशके गोऱ्या स्त्रियांचेच फोटो असत. कातडीचा प्रमाण रंग म्हणजे गोरा, असे यंत्राच्या जगातही गृहीत धरले गेले होते.

म्हणून जो कॅमेरा घ्याल त्यात एक्स्पोजर हाताने कमी-जास्त करण्याची सोय हवी, आणि ती मेनूत सहा पायऱ्या खाली दडलेली नको, बाहेर चाकावर किंवा बटणावर हवी. दुकानात गेल्यावर पांढरा शर्ट घातलेल्या, सावळ्या रंगाच्या मित्राला दुकानाबाहेर उन्हात उभे करा आणि चेहरा स्वच्छ दिसेपर्यंत ते चाक फिरवून पाहा. शर्ट थोडा जास्त पांढरा झाला तरी चालेल. बऱ्याच चांगल्या कॅमेऱ्यांत झेब्रा नावाची सोय असते. चित्रातला ठरावीक उजेडाचा भाग तिरप्या रेघांनी दाखवला जातो. चेहऱ्यासाठी ही खूण सत्तर टक्क्यांवर ठेवण्याचा जो रूढ सल्ला आहे तो गोऱ्या चेहऱ्याच्या हिशेबाचा आहे. आपल्याला पन्नास ते साठ पुरेसे होतात. फोनवर शूटिंग करीत असाल तर पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरले की बहुतेक फोनांत उजेड तिथेच बांधला जातो, आणि मग बोट वर सरकवून चेहरा उजळता येतो.

बिनखर्चाचा उपाय मंडपवाल्याकडे आहे. सायंकाळची सभा असेल तर विचारमंचाची पाठ पश्चिमेला येऊ देऊ नका. मावळतीचे ऊन वक्त्याच्या पाठीमागून आले की कितीही भारी कॅमेरा असला तरी समोर सावलीच उभी दिसते. दुसरे, आपण हौसेने वर निळे कापड किंवा निळी ताडपत्री लावतो. त्यातून गाळून आलेल्या उजेडाने खालच्या साऱ्यांचे चेहरे निळसर होतात. त्यासाठी कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स हाताने लावण्याची सोय हवी. कार्यक्रमाआधी त्याच कापडाखाली कोरा पांढरा कागद धरून ते बटण दाबायचे, की रंग जागेवर येतात. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

उन्हातली आणखी एक अडचण दुकानाच्या थंड हवेत कोणाच्या लक्षात येत नाही. कॅमेऱ्याचा बाजूला उघडणारा पडदा उन्हात दिसतच नाही. त्यात आपल्याला आपलेच तोंड दिसते. म्हणून डोळा लावून पाहायची जागा, जिला व्ह्यूफाइंडर म्हणतात, ती असलेलाच कॅमेरा घ्यावा. स्वस्त हँडीकॅममध्ये ती पुष्कळदा नसते. ज्यात ती नाही तो कॅमेरा उघड्यावरच्या कामासाठी आम्ही बाद समजतो, मग तो कितीही स्वस्त मिळो.

उष्णतेचेही तसेच. ॲपल कंपनी आपला आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे सांगते, आणि बहुतेक व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतची मर्यादा छापलेली असते. नागपूर, चंद्रपूर, अकोला, नांदेड इथला एप्रिल-मे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यावर वेगळे सांगायला नको. फोन तापला की आधी पडदा मंद होतो आणि मग रेकॉर्डिंग थांबते, बहुधा प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिल्यावरच. कॅमेऱ्यावर आणि कॅमेरा धरणाऱ्यावर छत्री धरायला एक मुलगा नेमा. कॅमेरा बंद असताना तो पिशवीत, आणि पिशवी सावलीत. पावसाचीही तयारी ठेवावी. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळामुळे ऐन महापरिनिर्वाण दिनाच्या तोंडावर मुंबईत पाऊस झाला आणि शिवाजी पार्कवर उतरलेल्या लोकांना महापालिकेच्या शाळांत हलवावे लागले. डिसेंबरात पाऊस येत नाही, या भरवशावर राहू नये. एक जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड सामानात असू द्या.

झूमबद्दल दुकानात फार फसवणूक होते. ऑप्टिकल झूम म्हणजे भिंगे सरकून चित्र जवळ येते, त्यात स्पष्टपणा टिकतो. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा नुसता ताणून मोठा केलेला. खोक्यावर शंभर पटीपेक्षा मोठा आकडा दिसला तर तो बहुधा डिजिटलचाच समजा आणि सोडून द्या. मैदानातल्या सभेला ऑप्टिकल वीस पट मिळाले तर शेवटच्या रांगेमागून वक्त्याचा चेहरा घेता येतो. मात्र झूम जितका लांब तितका हात हलण्याचा धक्का मोठा, म्हणून स्टँडशिवाय झूमचा उपयोग नाही. स्टँड जड घ्या, आणि त्याचे डोके फ्लुइड हेड प्रकारचे, म्हणजे हळू आणि एकसारखे फिरणारे असावे. हलका स्टँड वाऱ्याने हलतो. त्याच्या मधल्या आकड्याला दोन विटा घातलेली पिशवी टांगली की तो बसतो. दीक्षाभूमीवर किंवा चैत्यभूमीच्या रांगेत तीन पाय पसरायला जागा कुठली? तिथे एका पायाचा दांडा न्यावा. कोणाच्या पायातही येत नाही आणि हातालाही आधार होतो.

आता आवाज. या एका बाबतीत आम्ही हट्टी आहोत. चित्र थोडे धूसर असले तरी माणसे पाहतात, पण भाषण ऐकू आले नाही तर ते चित्रीकरण कोणी दुसऱ्यांदा लावत नाही. कॅमेऱ्याच्या अंगचा माईक कॅमेऱ्याजवळचेच ऐकतो. शेजारची कुजबुज, लहान मूल, चणेवाला, सारे स्वच्छ येते आणि शंभर फुटांवरचा वक्ता विहिरीतून बोलल्यासारखा येतो. म्हणून बाहेरचा माईक लावण्याचे भोक आणि कानाला हेडफोन लावण्याचे भोक, दोन्ही असल्याशिवाय कॅमेरा घेऊ नये. हेडफोनचे भोक का, तर रेकॉर्ड काय होते आहे ते ऐकत राहण्यासाठी. वायर सैल झाली हे कार्यक्रम संपल्यावर कळून काय उपयोग?

वाऱ्यासाठी माईकवर फोमची टोपी असते, तिच्यावर केसाळ कापडाची दुसरी टोपी मिळते. ती जरूर घ्या. भीमा नदीकाठी जयस्तंभापाशी किंवा समुद्रालगत चैत्यभूमीवर नुसता फोम पुरत नाही. सभेसाठी सर्वांत चांगला उपाय म्हणजे माईकवाल्याच्या मिक्सरमधून वायरने आवाज घेणे. त्याच्याशी आदल्या दिवशी बोलून ठेवा, ऐनवेळी तो ऐकत नाही आणि त्याचे बरोबरही असते. मिक्सरचा आवाज जोरकस असतो आणि कॅमेऱ्याचे माईकचे भोक नाजूक आवाजासाठी बनवलेले असते. सरळ जोडले तर भाषण फाटते. आवाज खाली उतरवणारी वायर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते, ती मागावी. काही मोठ्या कॅमेऱ्यांत लाइन आणि माईक असे बटणच असते.

हे जमणार नसेल तर गरिबाचा उपाय आहे, आणि तो आम्हाला सर्वांत आवडतो. एखादा जुना फोन विमान मोडवर टाकून त्यात आवाजाचे रेकॉर्डिंग सुरू करायचे आणि तो विचारमंचावरच्या डेस्कवर रुमालावर ठेवायचा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एकदा जोरात टाळी वाजवायची. नंतर संगणकावर चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी जुळवली की पुढचे भाषण ओठांशी जुळते. भाषण फार लांबले तर थोडा फरक पडतो, तेव्हा मध्येच पुन्हा एकदा जुळवून घ्यावे.

मिरवणुकीचे शास्त्र वेगळे आहे. ती रात्री निघते, दिवे रंगीबेरंगी, आणि डीजेसमोर कुठलाच माईक टिकत नाही. तिथे आवाजाचा नाद सोडून चित्र पाहावे. अंधारात मोठा सेन्सर आणि मोठ्या तोंडाचे भिंग कामाला येते. झूम लांब केला की भिंगाचे तोंड बहुतेक कॅमेऱ्यांत लहान होते आणि चित्रात दाणे उठतात, म्हणून मिरवणुकीत झूम मागे ठेवून आपणच पुढे चालावे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. कॅमेरा सेकंदाला २५ किंवा ५० चित्रांवर आणि शटर ५० वर ठेवले तर दिव्यांची लुकलुक येत नाही. अमेरिकेहून किंवा जपानहून नातेवाइकाने आणलेला कॅमेरा यासाठीच तपासून घ्यावा. काहींत ३० आणि ६० चित्रांचीच सोय असते, आणि जपानच्या बाजारासाठी बनवलेल्या काही कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानी भाषेत असतो.

आणि लेझर. डीजेच्या गाडीवरून फिरणारा लेझरचा झोत भिंगात शिरला तर सेन्सरवर कायमचा डाग किंवा रेघ पडू शकते. त्यावर दुरुस्ती नाही, सेन्सरच बदलावा लागतो. जो झोत काचेमागचा सेन्सर जाळतो तो पोरांच्या डोळ्यांचे काय करीत असेल? समितीने लेझरच बंद करावा, कॅमेरा आपोआप वाचेल. ड्रोनचा मोहही टाळावा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार नोंदणी, मनाई केलेली क्षेत्रे असे बरेच काही सांभाळावे लागते, आणि गर्दीवर ते पडले तर काय, याचे उत्तर कोणी देत नाही. समोरच्या चाळीच्या गॅलरीतून घेतलेले दृश्य पुरेसे उंच असते.

मग नेमका कोणत्या प्रकारचा घ्यावा? आमचे मत असे, की मंडळाने हातात धरायचा चांगला हँडीकॅम घ्यावा. वीस पटींचा ऑप्टिकल झूम, व्ह्यूफाइंडर, माईक आणि हेडफोनची भोके, आणि जमल्यास दोन कार्डांची जागा. लग्नात शूटिंगवाले वापरतात तो खांद्यावरचा मोठा कॅमेरा दिवसभराच्या कामाला उत्तम. आजकाल दुकानदार भिंग बदलता येणारा फोटोचा कॅमेरा पुढे करतात, कारण फोन आल्यापासून कंपन्यांनी घरगुती हँडीकॅम बनवणे बरेच कमी केले आहे. त्या कॅमेऱ्याचे चित्र सुंदर येते, रात्रीही चांगले येते. परंतु त्यातले बरेचसे, विशेषतः जुने, २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप बंद पडतात. युरोपात अर्ध्या तासाहून जास्त रेकॉर्ड करणाऱ्या यंत्रावर व्हिडिओ कॅमेऱ्याची जकात बसत असे, ती चुकवण्यासाठी कंपन्यांनी घातलेली ही मर्यादा. आपल्याकडे तर अर्ध्या तासात प्रास्ताविकच संपते! वस्तीतला एखादा तरुण शूटिंगचा धंदा करणार असेल तर त्याने तो जरूर घ्यावा. सभेसाठी मंडळाने घेऊ नये.

जुना कॅमेरा घेण्यात कमीपणा नाही. मुंबईकरांना फोर्टमधला बोरा बाजार ठाऊक असेलच, इतर शहरांतही शूटिंगवाले जुना माल काढतात. घेताना भिंगात बॅटरीचा झोत टाकून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी नाही ना ते पाहावे. झूम या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवावा. पांढऱ्या भिंतीचे चित्रण करून काळे ठिपके, लेझरच्या रेघा शोधाव्यात. माईकची पिन हलवून खरखर येते का ऐकावे. बिल आणि विकणाऱ्याची सही घ्यावी. टेपवर चालणारा मिनी डीव्ही कॅमेरा फुकट मिळाला तरी घेऊ नका. कॅसेट मिळवणे आणि तिच्यातले चित्र संगणकात उतरवणे, दोन्ही अवघड झाले आहे.

बॅटऱ्या तीन हव्यात. पुस्तिकेत दोन तास लिहिले असेल तर झूम आणि चालू-बंद धरून सव्वा तास समजावे. कार्डाचा हिशेब असा : फोर-के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिटने होत असेल तर एका तासाला ४५ जीबी लागते. साधे फुल एचडी २८ मेगाबिटने केले तर तासाला साडेबारा जीबीच्या आसपास. विहारातल्या पडद्यावर आणि घरच्या टीव्हीवर फुल एचडी उत्तम दिसते. तीन तासांच्या सभेला फोर-के घेऊन डिस्का भरत बसण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. ऐतिहासिक प्रसंग असेल तेवढा घ्यावा. कार्ड पक्क्या दुकानातूनच घ्या, नकली फार आहेत. घरी आणल्यावर ते एकदा पूर्ण भरून पाहा. नकली कार्डावर आकडा मोठा असतो आणि आतली जागा छोटी.

चित्रीकरण झाल्यावर त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवा. एक विहाराच्या कपाटात, एक कोषाध्यक्षांकडे. नोंदवहीत तारीख, ठिकाण, वक्त्यांची नावे आणि कॅमेरा कोणी चालवला ते लिहा. कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावलेले असावे. हे नुसते टापटिपीसाठी सांगत नाही. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावच्या परिसरात काय झाले ते आपण विसरलेलो नाही. असा प्रसंग कोणावर येऊ नये, पण आलाच तर चित्रीकरण पुरावा होऊ शकते. त्यासाठी मूळ फाईल जशीच्या तशी हवी. न कापलेली, नाव न बदललेली, व्हॉट्सॲपवरून न फिरलेली, कारण व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करते. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्याबरोबर प्रमाणपत्र जोडावे लागते. तेव्हा ते कार्ड पुसू नका, पाकिटात घालून तारीख टाका आणि आधी वकिलाकडे जा.

काय चित्रित करू नये, हेही समितीने ठरवून द्यावे. मैदानावर रात्री झोपलेली कुटुंबे, नळावर आंघोळ करणाऱ्या बाया, अभिवादनाच्या रांगेत रडणारी म्हातारी माणसे. त्यांच्या तोंडाशी भिंग नेऊ नये. विचारून परवानगी मिळाली तर गोष्ट वेगळी.

कॅमेरा चालवायला किमान चार जण तयार करावेत आणि त्यात दोन मुली असाव्यात. हे आम्ही केवळ समतेच्या गोष्टी म्हणून लिहीत नाही. महिला मंडळाच्या भीमगीतांच्या वेळी, वंदनेच्या वेळी बायकांमध्ये बसून जवळून चित्रण मुलीच मोकळेपणाने करू शकतात. आजवरच्या शूटिंगमध्ये आपल्या भगिनी दिसतात त्या दुरून, रांगेने, पाठमोऱ्या. ढोलकीवर बसलेली मावशी, कवाली उचलणाऱ्या दोघी जावा, यांचे चेहरे कोणाच्याच कॅसेटमध्ये नाहीत.

नवा कॅमेरा आला की त्याचा पहिला सराव १४ एप्रिलला करू नये. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आईबापांच्या बोटाला धरून जी लहान मुले उभी होती, ती आज ऐंशीच्या घरात आहेत. तुमच्या वस्तीत, तुमच्या गावाकडे असे एखादे आजोबा किंवा आजी असतील. सकाळी नऊच्या आत, ऊन चढण्यापूर्वी, लिंबाच्या सावलीत खुर्ची टाका. कॅमेरा स्टँडवर, डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. कॉलरचा माईक साडीच्या काठाला किंवा सदऱ्याच्या गुंडीपाशी लावा, बांगड्या आणि पदर त्याला घासणार नाहीत असा. शेजारचा टीव्ही बंद करायला सांगा. घरच्यांना मध्ये बोलू देऊ नका, कारण मुले-सुना आजीचे वाक्य तिच्या आधी पुरे करतात. प्रश्न छोटे विचारा. नागपूरला कशाने गेलात, भाकरी कोणी बांधून दिली होती, परत आल्यावर घरातले देव कुठे सोडले. आणि त्या बोलता बोलता थांबल्या तर कॅमेरा बंद करू नका. थोडा वेळ जाऊ द्यावा, पुष्कळदा त्या पुन्हा बोलू लागतात.